चुलीवर ठेवलेली सात पाखरं

“काळी कुटं हाय, गुरुजी? नीट बगा की. पिवळी हाय ती. हळदीवानी.”

“तेच तर विचारतोय तुम्हाला, ताई. मॅडमनी काळी लिहिलीय.”

“कंच्या म्याडमनी?”

“तुमच्याच. रोहिणी मॅडमनी. तुमचं नाव लावलंय ना ज्या पतंगाला, त्याचं वर्णन आहे माझ्याकडं मोबाईलमध्ये. पंख काळपट, पट्टा नाही, ठिपका नाही. आणि हे बघा, दोन पट्टे. पांढरे. चांगले चमकतायत.”

विलास गुरुजी कातळापुढं गुडघ्यावर बसले होते. पोशीरचा माणूस, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि रविवार आला की मोटारसायकल काढून किडे-पाखरांचे फोटो काढत हिंडायचा नाद. आज ते एवढ्या लांब आले होते ते जयवंताची पाकोळी बघायला. जयवंता लुगड्याचा काचा मारून ओहळात पोटरीएवढ्या पाण्यात उभी होती. समोरच्या कातळावर बोटभर जाडीचं शेवाळ, त्यावर सकाळचं ऊन, आणि उन्हात तांदळाच्या कणीएवढं एक पाखरू. पतंग म्हणायलासुद्धा जीव धजत नाही इतकं बारीक.

जयवंतानं वाकून बघितलं. मग सरळ झाली.

“उन्हानं दिसत आसंल तसं,” ती म्हणाली.

हे ती खोटं बोलली. ते पाखरू पिवळंच असतं हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मॅडमनी इंग्रजीत त्याला काळं लिहून ठेवलंय. आणि ते काळं कुठून आलं हे तिला तिथंच, पाण्यात उभ्या उभ्या कळलं.

जयवंता माहेरची कडावची. भाताच्या खाचरात वाढलेली, सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. सातवीपुढं बापानं शाळा बंद केली आणि चार वर्षांनी तिला उंबरखळला दिली. खालापूरहून निघालेली एसटी जिथं तोंड फिरवते ते उंबरखळ. त्याच्या पुढं नुसता डोंगर. नवरा लडकू. माणूस कष्टाळू, पण तोंड असं की पायताण परवडलं.

गावाच्या वरच्या अंगाला एका संस्थेनं अभ्यासकेंद्र काढलं. दोन खोल्या, एक पडवी, एक लोखंडी कपाट. झाडलोटीला बाई पाहिजे होती, जयवंता लागली. कपाटात किड्यांचे डबे असायचे, एकेका डब्यात टाचणीला लावलेली ओळीनं पाखरं. पुण्याच्या रोहिणी मॅडम वर्षातून दोनदा यायच्या, आठ दिवस राहायच्या, जाळी घेऊन फिरायच्या. झाडता झाडता जयवंता बघायला लागली, बघता बघता धरायला लागली. तांदूळ निवडून निवडून बाईमाणसाची नजर कशी होते हे कुणी सांगायला नको. मॅडमना भिंग लावून दिसायचं ते हिला सुपात दिसायचं. काचेच्या नळीत पाखरू घ्यायचं, केसाएवढी टाचणी मारायची, चिठ्ठी लावायची, रजिस्टरात तारीख, जागा, नग आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा. सगळं शिकली. मॅडम दरवेळी येऊन पानाच्या खाली सही करायच्या.

शेवाळ खाणारं पाखरू तिनंच हुडकलं. ओहळाच्या कातळावर शेवाळ मधेमधे कुरतडलेलं दिसलं, गुरं चरून गेल्यावर कुरण दिसतं तसं.

“हे कोन चरतंय?” तिनं ठकीला विचारलं. ठकी वरच्या ठाकरवाडीची, मोळी घेऊन त्या वाटेनं जायची.

“देव चरतोय,” ठकी म्हणाली, “तुला काय कराचंय? घरी जा, भाकरी थाप.”

ही घरी गेली नाही. वैशाखात कातळ सुकला, शेवाळ काळं पडून दगडाला चिकटलं, तेव्हा तिनं ते, आतल्या सुतासारख्या अळ्यांसकट, सुरीनं खरवडून श्रीखंडाच्या डब्यात आणलं. वर फडकं बांधलं, रोज हातानं पाणी शिंपडलं. लडकू म्हणायचा, “लोकं कोंबड्या पाळतात, आमची शेवाल पाळते.” आषाढ लागला आणि एका सकाळी फडक्याला आतून पाखरं बसलेली. सोन्याच्या बारक्या टिकलीसारखी. डब्यातली चार, आणि मग कातळावर जाऊन धरलेली तीन. सात झाली. मॅडमना फोन केला, तर त्या फोनवरच ओरडल्या, “मावशी, जपा त्यांना! काहीही झालं तरी जपा. मी गणपतीनंतर येतेय.”

आता जपायचं म्हणजे काय, तर पावसापासून. आमच्याकडच्या पावसात भिंतीला मिशा फुटतात, तिथं टाचणीवरच्या पाखराचं काय. कपाटात चोवीस तास एक बल्ब जळता ठेवलेला असायचा, त्याच्या उबेनं डबे कोरडे राहायचे. त्या वर्षी वरच्या वळणावर दरड आली, विजेचे तीन खांब झोपले आणि लाईट गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी जयवंतानं कपाट उघडलं तर आतून दमट वास. चौथ्या दिवशी एका डब्यात पाखरांवर पांढरा बुरा. तिनं मॅडमना फोन लावला, लागला नाही. संस्थेत लावला, तिथल्या माणसानं सांगितलं, “लाईट आली की बघू.”

मग तिनं तिच्या आईनं केलं असतं ते केलं.

आमच्याकडं चुलीच्या वर, आढ्याला, कामट्यांचा ताटवा टांगलेला असतो. काकडीचं बी, शिराळ्याचं बी, सुकट, बोंबील, मीठ, काडेपेटी, जे जे म्हणून पावसापासून राखायचं ते त्याच्यावर. खालून धूर लागतो. धूर लागला की कीड नाही, बुरशी नाही, चार महिने वस्तू जशीच्या तशी. जयवंतानं सात पाखरांचा डबा पदराखाली घालून घरी नेला आणि ताटव्यावर ठेवला. झाकण बोटभर उघडं ठेवलं, मुद्दाम. धूर आत शिरल्याबिगर उपयोग काय? अकरा दिवस डबा तिथं होता. लाईट आली तसा परत कपाटात. रजिस्टरात शेवटच्या रकान्यात लिहिलं: ‘लाईट नाय. डबा घरी नेला. चुलीवर धुरात ठेवला, ११ दिस. सात पाखरं ठीक.’

मॅडम गणपतीनंतर आल्या. बाकीच्या सोळा डब्यांत नुसती बुरशी. मॅडम मटकन खाली बसल्या. मग हा डबा उघडला आणि उठून उभ्या राहिल्या. सातच्या सात धड. मिशांसकट, पायांसकट. फक्त रंग गेलेला, काळपट झालेली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात धुराचा वास कुणाला यायचा?

“काय सुंदर काळा रंग आहे!” मॅडम म्हणाल्या.

“म्याडम, जिती आसली की जरा पिवळी दिसतात,” जयवंतानं सांगितलं.

“मेल्यावर रंग बदलतात, मावशी. आणि उन्हात काहीही दिसतं.”

जयवंताला वाटलं, असंल बाई. शिकलेलं माणूस आहे. मॅडमनी पानाखाली सही केली आणि डबा पुण्याला नेला.

पुढं काय झालं ते विलास गुरुजींनी नंतर मला फोड करून सांगितलं. याच जातकुळीतलं एक सोनेरी पाखरू शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबानं घाटात धरून विलायतेला नेलेलं, नाव देऊन ठेवलेलं. अशा बारक्या पाखरांची ओळख पटते ती पोटाच्या टोकाकडच्या अवयवांवरून. पण साहेबाच्या त्या एकुलत्या एका नमुन्याचं पोटच कपाटातल्या किड्यांनी खाऊन टाकलेलं. ताडून बघायला उरले फक्त पंख. साहेबाचं सोनेरी, पट्ट्यांचं. मॅडमचं काळं, बिनपट्ट्यांचं. म्हणजे वेगळी जात. म्हणजे नवीन. मॅडमनी मोठ्या मनानं जातीला जयवंताचं नाव दिलं. लॅटिनमध्ये बाईच्या नावापुढं ‘ए’ लावतात म्हणे. जयवंताए.

“जयवंता ए!” लडकू ओरडला. “आवो, मी तर तीस वर्सं हेच वरडतोय. माजं नाय छापलं कुनी!”

पण गावात मान झाला, खोटं कशाला बोला. ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर जयवंताचा फोटो आणि शेजारी परातीएवढं निळं फुलपाखरू, कुठल्या देशातलं देव जाणे. कडावहून भाऊ आला, तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा सणावाराशिवाय आला. ज्या बापानं शाळा बंद केली त्याच्या फोटोला त्यानं त्या दिवशी हार घातला. आणि जयवंतानं मॅडमनी दिलेला कागद, आपलं नाव इंग्रजीत छापलेला, काच लावून भिंतीवर ठोकला. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. नाव कुठं आहे तेवढं बोट ठेवून दाखवायची. आल्या-गेल्याला दाखवायची. तिला दुसरं काय मिळालं होतं या जन्मात स्वतःच्या नावाचं? सातबाऱ्यावर नवरा, रेशनकार्डावर नवरा.

तर हे असं असताना दोन वर्षांनी विलास गुरुजी कातळावर गुडघे टेकून बसले होते आणि पाखरू पिवळं होतं.

त्यांनी फोटो त्याच दिवशी मॅडमना धाडला. जयवंतानं नको म्हटलं नाही. काय म्हणून म्हणणार?

ते गेल्यावर ती एकटी कातळापाशी परत गेली. चार पाखरं नळीत धरून मारली. दोन काडेपेट्या रिकाम्या केल्या, दोन-दोन पाखरं ठेवली. एक काडेपेटी ताटव्यावर, अर्धी उघडी. दुसरी बरणीत, झाकण घट्ट, बरणी देव्हाऱ्यात.

“ह्ये आता काय नवीन?” लडकूनं विचारलं.

“गप ऱ्हावा.”

“नाय, मंजे देवाला किडं दाखवतेस आता निवदाला?”

“तुमाला दाकवीन,” ती म्हणाली. “ज्येवताना.”

अकरा दिवस तिनं बरोब्बर मोजले. बाराव्या दिवशी पडवीत उजेडाला दोन्ही काडेपेट्या उघडल्या. बरणीतली दोन पिवळी, पट्टे जागच्या जागी. ताटव्यावरची दोन काळी. पट्टे गेलेले. तिनं काळ्यातलं एक नखावर घेतलं, ओल्या बोटानं हलकेच टिपलं. बोटाला तपकिरी डाग लागला. चुलीवरच्या कामट्यांना बोट लावलं की लागतो तोच.

मग दोन्ही काडेपेट्या पदराच्या गाठीत बांधल्या.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. कधी नव्हे ते एकट्या, आणि बॅग न घेता. केंद्राच्या पडवीत खुर्ची घेतली, जयवंताला समोर बसवलं. गुरुजींचा फोटो कागदावर छापून आणलेला.

“मावशी, एक गोष्ट नीट आठवून सांगा. त्या वर्षी तो डबा कपाटाबाहेर कधी गेला होता का?”

जयवंतानं पदराची गाठ मुठीत धरली.

“घाबरू नका. नसेलच गेला. मला वाटतं नसेलच गेला.” मॅडमनी फोटो बाजूला सरकवला. “तसं असेल तर प्रश्नच नाही. मी लिहीन, एकाच कातळावर दोन जाती आहेत, एक सोनेरी, एक काळी. होतं असं कधीकधी. तुमचं नाव राहील. काम चालू राहील. तुम्ही फक्त एवढं सांगा, की डबा हलला नव्हता.”

आता बाई काही खुळी नव्हती. मॅडमना काय ऐकायचंय ते तिला कळलं होतं. एक ‘नाय’ म्हटलं की भिंतीवरचा कागद भिंतीवर, फ्लेक्सवरचा मान गावात, आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. रजिस्टर काय, कुणी उघडत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडावर ‘नाय’ आलंही होतं. ती मला म्हणाली, “आल्तं रं. हितवर आल्तं.” आणि गळ्याला हात लावून दाखवला.

पण मॅडमना गप्प राहवलं नाही. हिला धीर द्यावा म्हणून म्हणाल्या, “तुमच्यावर मी काही घेत नाहीये. इथं कोण कोण येतं-जातं. कुणीतरी अडाण्यानं डबा बाहेर काढून नमुने खराब केले असतील, तर ते तुम्हाला काय कळणार?”

“खराब?” जयवंता म्हणाली.

“म्हणजे…”

“खराब कशी, म्याडम? तुमच्या कपाटातलं सोळा डबं कसं झालं व्हतं? बुरा आल्ता. टाकून आले म्या उकिरड्यावर, माज्या हातानं. ह्यो एक डबा ऱ्हायला. कसा ऱ्हायला, इचारलंत कदी?”

“मावशी…”

“म्या न्हेला. चुलीवर ठिवला, आकरा दिस. झाकान उघडं ठिवलं, मुद्दाम. तुमी मनाल्या जपा. म्या जपली. माजी आय बी तसंच जपायची, तिचं बी कवा बुरसलं नाय. खराब मनू नका.”

आणि पदराची गाठ सोडून तिनं दोन काडेपेट्या टेबलावर ठेवल्या. ही धुरातली, ही बिनधुराची. रंग गेला तो धुरानं, जात तीच. मॅडमनी भिंग काढलं. बघत राहिल्या. मग भिंग खाली ठेवलं.

“हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

जयवंता उठली, आतून रजिस्टर आणलं, पान काढलं, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. मॅडमनी वाचलं. ‘चुलीवर धुरात ठेवला, ११ दिस.’ त्याच्या खाली चार ओळींवर सही होती. इंग्रजीत, वळणदार.

“मी आकडेच बघते नेहमी,” मॅडम म्हणाल्या. “तारीख आणि आकडे.”

“व्हय,” जयवंता म्हणाली. “च्या ठिवू?”

मॅडमनी चहा घेतला नाही. काडेपेट्या मात्र नेल्या, आणि नेताना रजिस्टरही नेलं.

महिन्याभरानं संस्थेचा माणूस येऊन कपाटाची किल्ली घेऊन गेला. कपाटावर एक कागद डकवून गेला: ‘नमुने केंद्राबाहेर नेऊ नयेत. प्रशिक्षित व्यक्तीखेरीज कोणीही हात लावू नये.’ कपाटात तेव्हा हात लावण्यासारखं काही नव्हतंच. जयवंताला कामावरून काढलं नाही, तेवढा मॅडमनी शब्द टाकला म्हणे. झाडलोट पहिल्यापासून होती, ती राहिली.

गावाला काही दिवसांत वास लागला. फ्लेक्स तसाही पावसानं फाटला होता. पण लोकांची तोंडं कुठं फाटतात. पाणवठ्यावर एक जण म्हणाली, “जयवंताबाय, सुकट भाजतानी बगा हां, तितं बी तुमचं नाव निगंल.” ठकी मोळी घेऊन चालली होती, ती थांबून त्या बाईला म्हणाली, “तुजं कशाला तरी निगलंय का नाव? मंग घागर भर नि चल.” जयवंतानं आपली घागर भरली आणि घरची वाट धरली.

कडावच्या भावाचा फोन बंद झाला तो झालाच.

पुढच्या आषाढात विलास गुरुजी आले. मॅडमचा दुसरा लेख छापून आला होता, चूक सुधारल्याचा. त्यांना वाटलं, हे आपण तोंडानं सांगावं. त्यांच्यामुळं हे झालं ही टोचणी होतीच माणसाला. जयवंता केंद्राच्या पायऱ्या घासत होती. पावसाळ्यात तिथं आता शहरातली पोरंबाळं सहलीला येतात, निसर्ग बघायला. मागल्या रविवारी त्यातलं एक शेवाळावरून घसरलं, हात मोडला. संस्थेनं तारेचा ब्रश आणि ब्लीचिंग पावडरीचं पोतं पाठवलं होतं.

“वाचा की,” ती म्हणाली. घासायची थांबली नाही.

गुरुजींनी मोबाईलवरून इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. “ही जात नवीन नसून पूर्वीच वर्णन झालेली सोनेरी जातच आहे. आमचे नमुने एका अप्रशिक्षित स्थानिक मदतनिसानं अयोग्य रीतीनं साठवल्यामुळं धुरानं काळे पडले होते.”

“ती मी.”

“हो.”

“नाव लिवलंय?”

“नाही. नुसतं मदतनीस.” गुरुजींनी पुढं वाचलं. “धुरानं रंग असा बदलतो, हे आम्ही ताज्या नमुन्यांवर प्रयोग करून सिद्ध केलं आहे.”

“आमी मंजे कोन?”

गुरुजींनी मोबाईल खिशात ठेवला. ती घासत होती. तारेच्या ब्रशाचा दगडावर होतो तो आवाज होत होता.

“माजं नाव काडलं मंग त्या पाखरावरनं?”

“काढत नाहीत ताई. तसा नियमच नाही. एकदा दिलेलं नाव कधी पुसत नाहीत.” त्यांनी घसा साफ केला. “जुन्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं. म्हणजे पुढं कुणी बघितलं तर कळावं, की या नावानं एकदा चूक झाली होती.”

“कवापर्यंत?”

“कायम.”

जयवंतानं ब्रश बादलीत बुडवला, झटकला. लडकू खालून पावडरीचं दुसरं पोतं पाठीवर घेऊन येत होता. ते त्यानं पडवीत टाकलं, गुरुजींना राम राम घातला, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. तिला त्याचाच राग आला.

“बगत काय उभं ऱ्हायलाव? पानी आना ओहळातनं,” ती त्याच्यावर खेकसली. मग गुरुजींना म्हणाली, “तुमी जरा वर व्हा, गुरुजी. ती पायरी ऱ्हायलीय. बारा वाजता बस येयाची हाय त्यांची.”

गुरुजी एक पायरी वर झाले. ती खाली वाकली आणि जिथं ते उभे होते तिथलं शेवाळ खरडायला लागली.